ज्याला विचारायला कोणी नाही, त्याच्यासाठी लिहा

‘कॅल्कनेट : नेट काढते. वेट : वेट. रेट : रेट. टाइप : टाइप. फ्लॅग : फ्लॅग. परत देते : नेट.’

नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याकडे वजन आणि बिलाचं सॉफ्टवेअर आहे. त्यासोबत आलेल्या माहितीपुस्तकातली ही एक नोंद. पुस्तक चांगलं चार बोटं जाड आहे. अनुक्रमणिका आहे, पानापानावर सुबक चौकटी आहेत, आणि सगळ्या नोंदी याच धाटणीच्या आहेत. ज्या कंपनीने हे सॉफ्टवेअर बनवलं तिने पुस्तक दिलं, पैसे घेतले, करार संपवला. आता त्याची देखभाल माझ्याकडे आहे.

नंदुरबार शहरात माझं छोटं ऑफिस आहे. मिरचीचे व्यापारी, शहाद्याकडच्या जिनिंग, नवापूरचे दुकानदार यांची बिलाची, वजनाची, साठ्याची सॉफ्टवेअर मी सांभाळते. दुसऱ्याने लिहिलेलं वाचून समजून घेणं हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे. अशी पुस्तकं वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. सॉफ्टवेअरची माहिती यंत्राकडून काढून घेता येते, पण समजावून सांगण्याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही. ती ढकलली की तिचा भार सगळ्यात लांब बसलेल्या माणसावर येतो.

न लिहिता तयार होणारं पुस्तक

कुठलंही सॉफ्टवेअर म्हणजे शेकडो छोट्या तुकड्यांची जुळणी. एक तुकडा वजन घेतो, एक भाव लावतो, एक पावती छापतो. या तुकड्यांना फंक्शन म्हणतात. प्रत्येक फंक्शनला नाव असतं, त्याला काय द्यायचं आणि त्यातून काय मिळतं हे ठरलेलं असतं. हा सगळा मजकूर म्हणजे कोड. कोड लिहिणाऱ्याने फंक्शनच्या डोक्यावर माणसांसाठी दोन ओळी लिहाव्यात अशी पद्धत आहे. त्या ओळींना कॉमेंट म्हणतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही भाषा आणली आणि तिच्यासोबत जावाडॉक नावाचं साधन दिलं. १९९७ मध्ये दिमित्री व्हान हीश यांचं डॉक्सिजन आलं. ही साधनं कोड वाचतात, फंक्शनची नावं, त्यांना लागणाऱ्या गोष्टी आणि डोक्यावरच्या कॉमेंट उचलतात आणि त्यांची पानं बांधतात. बटण दाबलं की काही क्षणांत पुस्तक तयार होतं.

कल्पना चांगली होती. माहिती कोडच्या शेजारीच राहिली तर कोड बदलताना तीही बदलली जाईल, वेगळी वही जपावी लागणार नाही, असा तो विचार होता. पण कॉमेंट लिहिणाऱ्याने कष्ट घेतले नाहीत तर साधनाच्या हाती फक्त नाव उरतं. काही साधनं तर नावावरूनच वाक्य रचून देतात. फंक्शनचं नाव ‘कॅल्कनेट’ असेल तर ‘नेट काढते’ असं वाक्य आपोआप बसतं. पान भरतं, पण वाचणाऱ्याला त्यातून नवं काही कळत नाही.

ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नाही त्यांना सातबाऱ्यावरून हे लगेच समजेल. सातबाऱ्यावर गट नंबर, क्षेत्र, खातेदाराचं नाव, पीक हे सगळं असतं. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, बांधावरून शेजाऱ्याशी काय ठरलंय, हे त्यावर नसतं. सातबारा लागतोच, पण नुसत्या सातबाऱ्यावर कोणी शेत कसू शकत नाही.

फ्लॅगच्या पोटात काय होतं

पुन्हा त्या नोंदीकडे येऊ. ‘फ्लॅग : फ्लॅग’ या दोन शब्दांमागे नंदुरबारच्या मिरची धंद्याचा कणा आहे.

हंगाम सुरू झाला की ओली मिरची बाजारात येते. व्यापारी ती विकत घेतात आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळवतात. पथारी म्हणजे मिरची पसरायचं मोकळं मैदान. त्या दिवसांत एखाद्या पथारीजवळून जा, नजर पोचेल तिथपर्यंत लाल दिसतं. ओली मिरची वाळली की वजन निम्म्याहूनही खूप खाली येतं आणि तिचा कायद्यातला वर्गसुद्धा बदलतो. ओली मिरची भाजीत मोडते, तिच्यावर जीएसटी नाही. वाळली की ती मसाल्यात जाते आणि तिच्यावर ५ टक्के कर लागतो. शिवाय माल राज्यातच विकला तर तो कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा दोन भागांत लागतो. नवापूरची हद्द ओलांडून गुजरातेत विकला तर आयजीएसटी लागतो.

मिरची ओली की वाळलेली, हे सांगणारा आकडा म्हणजे फ्लॅग. शून्य असेल तर ओली, एक असेल तर वाळलेली. चुकीचा आकडा गेला तर बिल चुकतं, विवरणपत्र चुकतं, आणि नोटीस व्यापाऱ्याच्या नावाने येते. कॉमेंटमध्ये एवढंच हवं होतं : ‘ओली मिरची करमुक्त, वाळलेलीवर कर. शंका असेल तर गोदामाच्या नोंदवहीत बघा.’ दोन वाक्यं. ज्याला ठाऊक होतं त्याला ती लिहायला एक मिनिट लागलं नसतं.

टाइपची गोष्ट याहून अवघड होती. कोडमध्ये असं होतं की टाइप ३ असेल तर वजनाला ०.९८५ ने गुणायचं. म्हणजे शेकडा दीड वजा. का वजा, हे कुठेच नव्हतं. पुस्तकात ‘टाइप : टाइप’ आणि कोडमध्ये नुसता आकडा. व्यापाऱ्याच्या मुलाने नव्याने कारभार हाती घेतला होता. त्याने मला विचारलं, “ताई, हे दीड टक्के जातात कुठे? काढून टाका ना.” काढायला एक ओळ पुसली की झालं असतं.

मी आधी त्यांच्या गोदामातल्या जुन्या मापाड्यांना विचारलं. सगळे त्यांना नाना म्हणतात. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नाही. प्रश्न ऐकून ते म्हणाले, “रातले माल सुकस ना ताई. ती घट कोना माथे?”

संध्याकाळी मोजून गोदामात ठेवलेला ओला माल सकाळी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातो. रात्रीतून त्यातलं पाणी उडतं. सकाळी घेणारा संध्याकाळच्या वजनाचे पैसे देणार नाही, आणि भरलेला माल पुन्हा काट्यावर चढवायला हमाली पडते. म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून शेकडा दीड घट धरायची असं ठरलं आणि वर्षानुवर्षं तसंच चालत आलं. मुक्कामी मालाचा हा व्यवहार म्हणजे टाइप ३. ती ओळ पुसली असती तर दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक मुक्कामी गाडीवर वाद झाला असता.

डॉक्सिजनसारखं साधन ही माहिती कधीच देऊ शकलं नसतं, कारण ती कोडमध्ये नव्हतीच. ती नानांच्या डोक्यात होती. सॉफ्टवेअर बनवताना कोणीतरी त्यांच्याशी किंवा त्यांच्यासारख्या कोणाशी बोललं असणार, त्याशिवाय ०.९८५ हा आकडा आला नसता. ज्याने तो आकडा लिहिला त्याला कारण ठाऊक होतं. त्याने आकडा ठेवला आणि कारण सोबत नेलं.

काय, आणि का

यंत्राने काढलेल्या माहितीतली मुख्य उणीव हीच आहे. कोड काय करतो ते कोडमध्येच असतं, त्यामुळे ते काढून पानावर मांडता येतं. का करतो, कोणासाठी करतो, दुसरा मार्ग होता तो का सोडला, कोणत्या वेळी हे वापरू नये, हे कोडमध्ये नसतं. आणि ज्याला ते सॉफ्टवेअर चालवायचं, दुरुस्त करायचं असतं, त्याचे बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात.

दुसरी उणीव क्रमाची. यंत्र सगळी फंक्शन मुळाक्षरांप्रमाणे किंवा फाइलप्रमाणे लावतं. कंपनीचं नाव छापणारं फंक्शन आणि कराचा हिशेब करणारं फंक्शन यांना सारखीच जागा, सारखीच चौकट. सुरुवात कुठून करायची, आधी काय समजून घ्यायचं, काय सोडलं तरी चालेल, हे ठरवायला विषय कळावा लागतो आणि वाचणारा कोण आहे हेही कळावं लागतं.

तिसरी उणीव सगळ्यात घातक. जाड पुस्तक हाती आलं की काम झाल्यासारखं वाटतं. करारात ‘तांत्रिक माहितीपुस्तक द्यावे’ असं कलम असतं. घेणारा पानं चाळतो, जाडी बघतो, सही करतो. काहीच मिळालं नसतं तर त्याने निदान मागितलं तरी असतं.

डॅनिएले प्रोसिडा यांनी तांत्रिक लेखनाची केलेली चार भागांची मांडणी मला रोजच्या कामात उपयोगी पडते. पहिला भाग नवख्याला हात धरून शिकवणारा धडा : पहिली पावती बनवून बघा. दुसरा ठरावीक कामाची कृती : मुक्कामी मालाचं बिल असं करा. तिसरा संदर्भ : कोणतं फंक्शन काय घेतं, काय देतं. चौथा स्पष्टीकरण : घट का धरतात, कर कधी बदलतो. यातला फक्त तिसरा भाग यंत्र तयार करतं, तोही अर्धाच. उरलेले तीन माणसानेच लिहावे लागतात.

ज्यांनी लिहिलं, त्यांचं

हे लिहिणं अशक्य नाही, हे सांगायला जुना दाखला आहे. युनिक्स या प्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती तयार केली. त्यात प्रत्येक आज्ञेखाली ठरावीक मथळे होते. त्यातला एक ‘बग्ज’. आमच्या या आज्ञेत अमुक दोष आहे, हे बनवणारेच तिथे लिहून ठेवायचे. आणखी एक मथळा ‘ओनर’, म्हणजे ही कोणाची जबाबदारी, कोणाला विचारायचं. हे दोन मथळे कोड वाचून भरता येत नाहीत. आपल्या कामात काय कमी आहे हे माणसालाच ठाऊक असतं, आणि जबाबदारीही माणूसच घेतो.

दुसरा दाखला वर्तमानपत्राच्या कचेरीतला. वेबसाइट बनवण्यासाठी जगभर वापरली जाणारी जँगो ही चौकट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकात जन्मली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्या जनकांपैकी एड्रियन होलोव्हाटी हे पत्रकारितेतले. जँगोची माहितीपुस्तिका चांगल्या तांत्रिक लेखनाचा नमुना मानली जाते. तिच्या प्रमुखांपैकी जेकब कॅप्लन-मॉस यांनी २००९ मध्ये या विषयावर लेखमाला लिहिली आणि यंत्राने काढलेली माहिती जवळजवळ निरुपयोगी असते असं स्पष्ट म्हटलं. मीही शिकायला लागले तेव्हा जँगोच्या पहिल्या धड्यावर शिकले. समोर शिक्षक नव्हता, तरी पुढची पायरी कोणती हे कायम कळत होतं. कोणीतरी माझ्यासारख्या अनोळखी माणसाचा विचार करून तो धडा लिहिला होता.

टेंभलीचा आकडा ३००

आपल्या जिल्ह्याचाच दाखला घेऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचं वाटप झालं. पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. आज रेशन दुकानात अंगठा लावला की हाच आधार तपासला जातो.

अंगठा जुळला नाही तर आधारची यंत्रणा एक आकडा परत पाठवते, ३००. ओटीपी चुकीचा असेल तर ४००. आता यंत्राने काढलेल्या पुस्तकात हे कसं दिसेल? ‘एरर तीनशे : तीनशे.’ फार तर ‘बायोमेट्रिक जुळत नाही’. ते खरंच असेल. पण दुकानासमोर उभी असलेली बाई दिवसभर मिरची खुडून आलेली असते. तिच्या बोटांच्या रेषा घासलेल्या असतात. तिला आणि दुकानदाराला हवं ते वेगळंच : हात धुऊन पुसा, दुसरं बोट लावा, तेही जमलं नाही तर पुढे काय.

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आधार प्राधिकरणाने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी आकड्यांची जी यादी दिली, तिच्यात समोरच्या माणसाला कोणता संदेश दाखवावा आणि काय करायला सांगावं यालाही जागा होती. ज्यांच्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत त्यांच्यासाठी कोणतं बोट सर्वांत चांगलं चालतं ते शोधण्याची ‘बेस्ट फिंगर डिटेक्शन’ ही सोयही तांत्रिक कागदपत्रांत होती. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अंगठा लावणारा माणूस होता. तो डोळ्यांसमोर असला की लिखाण बदलतं. पुढे दुकानातल्या मशीनपर्यंत ती सूचना पोचते की नुसता आकडा पोचतो, हे मधल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने ते पान वाचलं का आणि आपल्या पुस्तकात पुढे लिहिलं का, यावर ठरतं.

आता एआय लिहून देतं

गेल्या काही वर्षांपासून एआय कोड वाचून सलग, शुद्ध वाक्यांत माहिती लिहून देतं. अनेकांना वाटतं की आता प्रश्नच मिटला. मी ते मिरचीच्या बिलाचं कॅल्कनेट फंक्शन, नावगाव काढून, अशा एका साधनाला दिलं. त्याने लिहिलं की टाइप ३ असल्यास वजनातून दीड टक्के वजा केले जातात. हे बरोबर होतं. पुढे त्याने लिहिलं की ही वजावट मालातल्या कचऱ्यासाठी आहे. वाक्य इतकं सफाईदार होतं की ज्याला मिरचीचा धंदा माहीत नाही त्याने ते खरंच मानलं असतं. कचऱ्याचा इथे काही संबंध नव्हता.

‘टाइप : टाइप’ वाचून निदान इथे काही लिहिलेलं नाही एवढं तरी कळतं. चुकीचं कारण ठामपणे लिहिलेलं असलं की वाचणारा विचारायचंच थांबतो. आणखी एक धोका आहे. कोडमध्येच चूक असेल, तर कोडवरून लिहिणारं साधन ती चूक नियम म्हणून लिहितं. कोड कसा असायला हवा होता हे त्याला कळायला दुसरीकडे काही लिहिलेलं असावं लागतं, आणि तेच तर कोणी लिहिलेलं नसतं.

या साधनांचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. जावाडॉक, डॉक्सिजन मी स्वतः वापरते. फंक्शनची पूर्ण यादी माणूस हाताने करायला गेला तर दोन-चार हमखास सुटतात, यंत्राची सुटत नाहीत. ज्याला सॉफ्टवेअर आधीच माहीत आहे त्याला नेमकं नाव शोधायला ती यादी फार कामाची. एआयकडून मी लिहिलेल्या मजकुराची भाषा तपासून घेते, काय राहिलंय ते विचारते. पण कारणं मी नानांकडून घेते आणि स्वतः लिहिते.

लांबच्या माणसाचा प्रश्न

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत अर्धवट पुस्तकावरही काम भागतं, कारण पलीकडच्या खुर्चीवर कोणीतरी जुना माणूस असतो. चहा घेता घेता फ्लॅग म्हणजे काय ते विचारता येतं. नंदुरबारला ती खुर्ची नसते. धडगाव किंवा मोलगीकडे मशीन सांभाळणाऱ्या पोराकडे तर फोन लावायलाही रेंज असेलच असं नाही. त्याच्याकडे जे लिहिलेलं आहे तेवढंच आहे. घरी पावरी किंवा मावची बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकलेल्या या मुलांना इंग्रजी नावांची यादी देऊन आपण माहिती दिली असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. काम बंद पडलं की दोष त्यांच्या हुशारीला दिला जातो. मी अशा मुलांना शिकवते. कारण समजलं की ती झपाट्याने पुढे जातात. त्यांच्यापर्यंत कारण पोचवायची व्यवस्था तेवढी नसते.

म्हणून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला, पतसंस्थेला, ग्रामपंचायतीला माझं सांगणं आहे : पुस्तकाची जाडी बघू नका. तीन गोष्टी मराठीत मागा. रोजच्या कामांच्या कृती, पायरीपायरीने, छापील. प्रत्येक आकड्यामागचं कारण : हे दीड टक्के का, कोणी ठरवलं, कधी बदलायचं. आणि दोषांची यादी : हे सॉफ्टवेअर कुठे अडतं, तेव्हा काय करायचं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना सांगणं एवढंच, की आकडा लिहाल त्याच दिवशी कारण लिहा. महिन्याने ते तुम्हालाही आठवणार नाही.

आणि ताबा घेण्याआधी एक परीक्षा घ्या. ज्याने ते सॉफ्टवेअर कधी पाहिलेलं नाही असा एक माणूस बसवा. हाती फक्त पुस्तक द्या, फोन काढून घ्या, बनवणाऱ्याला बाहेर बसवा. त्याला मुक्कामी ओल्या मिरचीचं एक बिल करायला सांगा, आणि दीड टक्के का वजा झाले ते विचारा. बिल बरोबर आलं आणि कारणही सांगता आलं, तर पुस्तक पुरं झालं. नाही आलं, तर शेवटचा हप्ता रोखून ठेवा आणि पुस्तक परत पाठवा.